खोड सांगून विकलेली जीप

शमुवेल मास्तरांनी मला भाड्याची खोली दाखवली, तेव्हा खोलीच्या आधी तिच्या खोडी दाखवल्या. दाराशीच मला थांबवून म्हणाले, "बाई, आधी ऐकून घ्या. त्या कोपऱ्यात गळतं. मागच्या साली दोनदा विंचू निघाला. खिडकी लागत नाही, आणि लागली तर उघडत नाही. भिंतीपलीकडे आम्ही नवरा-बायको राहतो, आणि मी घोरतो. आता आत या." मी तेव्हा बावीस वर्षांची, नगरहून नुकतीच नोकरीवर आलेली, आणि त्या गावात दुसरी खोली मिळायची मारामार. घेतली. सगळ्या गोष्टी खऱ्या निघाल्या. त्या वर्षी विंचू मात्र तीनदा निघाला, तेव्हा मास्तर मुद्दाम येऊन माफी मागून गेले, की आपला आकडा चुकला.

आमचं गाव घोडेगावपासून दोन कोसांवर. शाळेत मी मराठी शिकवायचे आणि मास्तर सुतारकाम. आता खरं सांगायचं तर सुतारकाम हा मास्तरांचा जीव होता, पण हात नव्हता. त्यांनी केलेल्या स्टुलाचे तीन पाय जमिनीला टेकायचे आणि चौथा वाट बघायचा. पण त्यावर कुणी बसायला गेलं की मास्तर लांबून ओरडून सांगायचे, "उजवीकडं भार देऊ नका." सांगितलं म्हणजे त्यांची जबाबदारी संपली. पडणारा आपल्या मर्जीनं पडला.

ही सवय त्यांच्या वडिलांची. वडील बैल राखून होते, घोडेगावच्या बाजारात त्यांची ऊठबस होती. मरताना त्यांनी पोराला दोन गोष्टी सांगितल्या म्हणे. एक, जनावर विकताना खोड सांगायची. बैल मारका असेल, नांगराला बसत असेल, पाण्याला बुजत असेल, जे असेल ते घेणाऱ्याच्या तोंडावर सांगून टाकायचं. दुसरी, जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. दावं घरी परत आणून खुंटीला टांगायचं, म्हणजे गोठ्याची बरकत गोठ्यातच राहते. तिकडे अजूनही पुष्कळ घरांतून दावं देत नाहीत. मास्तरांकडे ना बैल होता ना गोठा, पण बापाचे दोन नियम होते, आणि ते त्यांनी दिसेल त्या गोष्टीला लावले.

मला त्याचा चांगलाच प्रसाद मिळाला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा घर नगरला, पण मुलाच्या वडिलांनी परस्पर शाळेत येऊन चौकशी केली आणि गाठ पडली नेमकी मास्तरांशी. मास्तरांनी त्यांना सांगितलं, की बाई स्वभावानं तिखट आहेत, उलट बोलतात, आमटीत मीठ विसरतात, पण कामाला बसणाऱ्यातल्या नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मास्तरांना काही कळेचना, की आपलं काय चुकलं. ते स्थळ मात्र जमलं. सासरे पुढे जन्मभर म्हणायचे, की एवढी पारख करून घेतलेली ही एकटीच. आमटीत मी अजूनही मीठ विसरते आणि घरात कुणी ब्र काढत नाही, कारण आधी सांगितलेलं होतं.

तर जीप.

नगरला लष्कराचा मोठा तळ, त्यामुळे तिथं अधूनमधून जुन्या सामानाचे लिलाव व्हायचे. मास्तर एकदा तिथून लढाईच्या काळातल्या जीपचा नुसता सांगाडा बैलगाडीत घालून घेऊन आले. पुढची तीन वर्षं घराच्या बंदिस्त पडवीत त्यावर ठोकाठोकी चालली. इंजिन भलत्याच कुठल्या गाडीचं. स्टिअरिंग ट्रकचं, त्यामुळे मास्तर त्यामागे बसले की फक्त टोपी दिसायची. तळाला बाभळीच्या फळ्या, मडगार्ड तेलाच्या पिंपाचे पत्रे कापून केलेले. चारी चाकं गोल होती, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

जीप पुरी झाली आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की ती दारातून बाहेर निघत नाही. सुतारकामाचा मास्तर हा. दाराचं माप त्यांनी घेतलेलं होतं हो, पण मडगार्ड नंतर सुचले. मग चौकट उखडली, बाजूची भिंत पाडली आणि गावातल्या पंधरा जणांनी हैय्या करत जीप अंगणात ढकलली. घराच्या तोंडाला भगदाड पडलं. चौकट नाही म्हटल्यावर दाराच्या दोन फळ्या बसवायच्या कुठं? मास्तरांनी त्या जीपला लावल्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला, सागवानी, नक्षीच्या, कडी-कोयंड्यासकट. आत बसलं की आतून कडी घालायची. बाहेरून कुणी आलं तर कडी वाजवायची.

गावाला एवढं पुरे होतं. लोक म्हणायचे, मास्तर, तुमचं तर शिंगणापूर झालं. मास्तर शांतपणे उत्तर द्यायचे, की शिंगणापुरात दाराला फळ्या नसतात, पण चौकट तरी असते, आमच्याकडे तीही नाही. यातसुद्धा त्यांना स्वतःच्या घराची खोडच सांगायची असायची, विनोद करायचा नसायचा.

मास्तरांच्या बायकोचं नाव मार्थाबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कोंबडी अंडं घालायची थांबावी. मला पहिल्या दिवसापासून भाकरी त्यांच्याकडची. त्यांनी जीपला नाव ठेवलं होतं सवत. "सवतीला तेल पाजून झालं का?" "सवतीला पांघरून घाला, गारठंल." मास्तर खालमानेनं जाऊन जीपवर गोणपाट टाकून यायचे. मार्थाबाईंनी घरासाठी म्हणून साठवलेल्या पैशातून घेतलेलं ते सागवानी दार सवतीच्या अंगावर बघून त्यांच्या काळजाचं काय होत असेल, ते मला बाईमाणूस म्हणून कळायचं. पण ठोकाठोकीच्या तीन वर्षांत त्या बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. टोमणे मारले, बोलल्या नाहीत. यात फरक असतो.

ठिणगी पडली ती नाताळला. मार्थाबाईंचा भाऊ योहान जवळच्याच वडाळ्याला राहायचा. दर नाताळला त्याच्या अंगणात मांडव पडायचा, सगळा गोतावळा जेवायला. त्या वर्षी मास्तरांनी बायकोला जीपमधून न्यायचं ठरवलं. निघताना त्यांनी जीपच्या सगळ्या खोडी मार्थाबाईंना सांगितल्या. उजवीकडे वळायला हिला जागा फार लागते. डावीकडे वळली की भोंगा आपोआप वाजतो. चढावर पुढून दमते, म्हणून उलटी घालावी लागते, आणि उलटी ती पुढच्यापेक्षा जोरात पळते. आणि ब्रेक दाबला की लगेच थांबत नाही, मनात प्रार्थना म्हणायला घ्यायची, निम्मी झाली की थांबते.

वडाळ्यापर्यंत सगळं ठीक गेलं. योहानच्या अंगणात वळताना ब्रेक दाबला तो प्रार्थनेच्या मानानं उशिरा. जीप भोंगा वाजवत मांडवात शिरली, दोन खांब घेऊन पुढे गेली आणि भाताच्या पातेल्याला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण मांडवाचं कापड हळूहळू खाली येऊन जीपवर पसरलं आणि त्याच्या आतून, सगळ्या मंडळींना ऐकू जाईल असा मास्तरांचा आवाज आला, "ब्रेक उशिरा लागतो, हे मी निघतानाच हिला सांगितलं होतं."

मार्थाबाई कडी काढून खाली उतरल्या, कापडातून बाहेर आल्या आणि भावाच्या घरात गेल्या. मास्तर संध्याकाळी आणायला गेले तेव्हा त्यांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "ती घरातून जाईल तवाच मी घरात यील. तवर योहान हाय मला." मास्तर एकटेच परत आले. भोंगा वाजू नये म्हणून सगळ्या डाव्या वळणांना खाली उतरून, स्टिअरिंग न फिरवता जीप ढकलून वळवली म्हणे.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मास्तर वाळले. भाकरी स्वतः भाजायचे आणि माझ्यासमोर ठेवताना सांगायचे, की खालून करपली आहे आणि मध्ये कच्ची आहे. मी माझ्याकडची भाजी द्यायचे, तीत मीठ नसायचं, असं आम्हा दोघांचं चाललं होतं. सकाळी त्या भगदाडातून गावची शेळी आत यायची आणि मास्तर तिला हाकलायचेसुद्धा नाहीत. एकदा मी म्हटलं, मास्तर, जा ना पुन्हा, पाय धरा बाईंचे. ते म्हणाले, "बाई, ती खोटं बोलत नाही. जीप गेल्याशिवाय ती येणार नाही. आणि मला तिच्याशिवाय जमत नाही." मग बराच वेळ रंध्याला धार लावत बसले. मी त्यांच्यावर एरवी चिडलेली असायचे, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

मार्चमध्ये मास्तरांनी जीप विकायला काढली. कुठं? घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. मी म्हटलं, अहो, नगरला गाड्यांचे दलाल आहेत, तिकडे न्या. तर म्हणाले, की त्या लोकांना खोड सांगितलेली आवडत नाही. बाजाराच्या दिवशी आमची शाळा सकाळची असायची, नाहीतर पोरं आलीच नसती. मला नगरची एस.टी. घोडेगावला धरायची होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर जीपमधून गेले. आतून कडी घालून, दोन्ही हातांनी कोयंडा धरून. कसे पोचलो ते विचारू नका.

बाजाराच्या दारात पावती फाडणारा कारकून अडला. त्याच्या पुस्तकात बैल, गाय, म्हैस आणि शेळी एवढेच रकाने. बैल लिहावं तर बैल जोडीनं येतो. गाय लिहायला त्याचं मन होईना. शेवटी त्यानं म्हैस लिहिलं आणि वय विचारलं. मास्तर म्हणाले, सांगाडा तीस, बाकीचं सांगता येत नाही. आत गेल्यावर मास्तरांनी रीतीप्रमाणे खुंटी ठोकली आणि जीप दाव्यानं तिला बांधली. एका बाजूला खिलारी जोडी, दुसऱ्या बाजूला आटलेली म्हैस, मध्ये ही. दोन म्हातारे आले, एकानं बोनेट वर करून आत बघितलं आणि दुसऱ्यानं मागून जाऊन टायरवर थाप मारली. पुढचा म्हणाला, दात बरे आहेत. ही काही चेष्टा नव्हती, त्यांना बघायची पद्धत तेवढीच ठाऊक होती.

गिऱ्हाइकं यायची नाहीत असं नाही, यायची. जीप म्हटल्यावर तेव्हा मोठी अपूर्वाई, पुढारी आणि साहेब लोकच त्यातून फिरायचे. पण मास्तर आधी खोडी सांगायला घ्यायचे, आणि चौथ्या-पाचव्या खोडीला गिऱ्हाईक चहाला निघून जायचं. भोवती घोळका जमायचा आणि हसायचा. पोट धरून हसायचा. सोनईकडचा एक बागायतदार मात्र सगळं ऐकूनही पुढे आला, कारण त्याला मिरवायचंच होतं, फिरायचं नव्हतं. सौदा होत आला. तो गावी निरोप धाडायला म्हणून शंभर पावलं गेला असेल, तोच मास्तर धावत त्याच्या मागे गेले. चढावर उलटी घालावी लागते, हे सांगायचं राहिलं होतं. बागायतदारानं डोळ्यांसमोर चित्र आणलं असणार, की आपण फेटा बांधून उलटे चढ चढतोय आणि गाव बघतंय. तो परत आलाच नाही.

दुसऱ्या बाजारीही तेच. त्या दिवशी हसणाऱ्यांच्या गर्दीत मला योहान दिसला. तो हसत नव्हता, मान खाली घालून उभा होता. मी मास्तरांना सांगितलं नाही.

तिसऱ्या बाजारी दलाल बाबूमिया आले. या बाजारात त्यांच्या शब्दावर जोड्या इकडच्या तिकडे व्हायच्या. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. तिथला भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. मी एस.टी. चुकवून चहाच्या टपरीशी उभी राहिले. मला भाव दिसत नव्हता, पण तोंडं दिसत होती. मास्तरांनी बोटं दाबली. बाबूमियांनी मान हलवून पुन्हा दाबली. मास्तरांचा चेहरा गोंधळला. ते काहीतरी पुटपुटले, बहुतेक ब्रेकचं, आणि पुन्हा बोटं दाबली. बाबूमियांच्या कपाळाला घाम आला. हे इतका वेळ चाललं, की शेजारची खिलारी जोडी विकून निघून गेली.

शेवटी बाबूमियांनी उपरणं ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "मास्तर, चाळीस सालं झाली मला या बाजारात. इकनारा खाली उतरतोय आन घेनारा वर चढतोय, असला सौदा न्हाई पाह्यला. म्या सांगतो तेवढं घ्या आन मला मोकळं करा." मास्तर म्हणाले, एवढी तिची लायकी नाही. बाबूमिया म्हणाले, की घेणाऱ्याला सगळ्या खोडी ठाऊक आहेत, तुम्हाला ठाऊक नाहीत त्यासुद्धा. घेणारा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. दलालानं सांगू नये अशीच रीत.

सौदा झाला. मास्तरांनी जीपचं दावं सोडून गुंडाळलं. मग जरा थबकले. जीपला खरं दावं म्हणजे काय, याचा त्यांनी विचार केला असावा. पुढे गेले आणि जिनं गाडी चालू करायची ती लोखंडी हँडल ओढून काढली आणि खांद्यावर टाकली. बाबूमियांनी विचारलं, हे काय. मास्तर म्हणाले, "दावं देत नसतात." आणि बाबूमियांना ते पटलं. चाळीस वर्षं बाजारात काढलेला माणूस, त्याला हे पटणारच. हँडल नसेल तर जीप जागची हलणार नाही, हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी तोंड उघडेपर्यंत कुणीतरी बैलांची जोडी आणून जीपला जुंपली होती. सागवानी दारं हिंदकळत जीप बाजारातून निघून गेली, आणि डाव्या वळणाला एकदा भोंगा वाजला.

नगरला चार दिवसांची सुटी संपवून मी परत आले तर मास्तर दार करत बसलेले. चौकट त्यांनी परत बसवली होती, भिंत लिंपली होती, अंगण सारवलं होतं. हँडल खुंटीवर. म्हणाले, दार झालं की वडाळ्याला जातो, बिनदाराच्या घरात तिला कुठं आणू? चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग दिसत होता. दोन दिवस खपून त्यांनी दार उभं केलं. अर्थात ते वाकडं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बिजागरीला तेल घालत होते आणि मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात आळीच्या तोंडाशी भोंगा वाजला. पुढे बैलजोडी, बैलांपुढे कासरा धरून योहान, मान खाली. मागे जीप. आणि जीपमध्ये, त्या ट्रकच्या स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, ताठ बसलेल्या मार्थाबाई. मागे गावातली निम्मी पोरं. आमच्या दाराशी योहाननं बैल थांबवले. जीप थांबली नाही, निम्म्या प्रार्थनेइतकी पुढे आली आणि बैलांना टेकून थांबली.

मार्थाबाईंनी कडी काढली, उतरल्या आणि म्हणाल्या, "हँडल द्या."

मास्तरांना आत्ता कुठं कळलं, की घेणारा कोण होता. हातातलं तेल त्यांनी खाली ठेवलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस बापाचे नियम बाजूला ठेवील. तर मास्तर अगदी हळू म्हणाले, "दावं देत नसतात, मार्था."

"ठावं हाय मला," मार्थाबाई म्हणाल्या. "माज्या बाच्या घरी बी जनावरं हुती." मग त्यांनी एकदा घराकडे बघितलं, सारवलेल्या अंगणाकडे बघितलं. "दावं द्यायचं न्हाई, तर जनावर दाव्यापाशी बांधा."

आणि त्या आत निघाल्या. दाराशी जरा थांबल्या, नव्या फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, हे कुणी केलं. मास्तर म्हणाले, मी. डाव्या बाजूनं अर्धा बोट वाकडं आहे आणि पावसात फुगेल. मार्थाबाई म्हणाल्या, ते दिसतंय.

योहाननं बैल सोडले आणि चहासुद्धा न घेता पळाला. त्याची हकीकत मला नंतर कळली. जीप त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली, हँडलीशिवाय ढिम्म हलेना, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोनं सांगितलं, की घरात एक तर ती राहील नाहीतर मी. बिचाऱ्यानं बहिणीचे पाय धरले.

पण ती घेतलीत कशाला, असं मी मार्थाबाईंना पुढे विचारलंच. भाकरी थापत होत्या. शेळ्या विकून आणि भिशी मोडून घेतली होती. म्हणाल्या, योहान बाजारातून आला आणि सांगायला लागला, की लोक मास्तरला कसे हसतात. "माज्या मान्साला हसाया मी हाय ना घरात," त्या म्हणाल्या, "बाजार कशाला पायजे?" आणि थापलेली भाकरी तव्यावर अशी टाकली, की मी पुढे काही विचारलं नाही. त्यानंतर त्या जीपला सवत म्हणाल्या नाहीत. माझी गाडी म्हणायच्या. दर नाताळला तिच्यातूनच वडाळ्याला जायच्या, आणि मास्तर मांडवाच्या अलीकडे शंभर पावलांवर प्रार्थना सुरू करायचे.

पुढं दुष्काळ पडला, माझं लग्न झालं, बदली झाली, मी नगरला सावेडीत राहायला आले. मार्थाबाई गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं. मास्तरांनी लिहिलं होतं, की अक्षर वाईट आलं आहे. मला लगेच जायला जमलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. गेले ते वर्षभरानं.

मास्तर अंगणात होते, बरेच वाकलेले. जीप लिंबाखाली, मागच्या बाकड्यावर कोंबडी अंडी उबवत बसलेली. आणि जीपभोवती पुण्याचा एक गृहस्थ फेऱ्या मारत होता. डोळ्यांना काळा चष्मा, पायांत चकचकीत बूट. त्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद होता, आणि कुणीतरी त्याला या जीपचं सांगितलं होतं. मास्तर त्याला एकेक खोड सांगत होते, तीच सगळी, त्याच क्रमानं, फक्त आता त्यात कोंबडीची भर पडली होती. आणि नवल म्हणजे प्रत्येक खोडीला तो माणूस जास्तच खूष होत होता. घराची दारं लावलेली जीप त्यानं जन्मात पाहिली नव्हती. म्हणाला, बाबा, तुम्ही म्हणाल तो भाव. बोला.

मला वाटलं, चला, शेवटी जीपला गिऱ्हाईक मिळालं.

मास्तर म्हणाले, "विकायचा अधिकार मला नाही. गाडी तिची आहे. मालकीण घरी नाही."

"कधी येतील?" तो म्हणाला. "मी रविवारी परत येतो."

मास्तरांनी दाराकडे बघितलं. ते दार पावसानं फुगून अर्धवट उघडं अडकलेलं होतं, आणि त्याच्या फटीतून आत खुंटीवरची हँडल दिसत होती, तेल लावून पुसलेली. "सांगून गेली नाही," मास्तर म्हणाले.

तो गृहस्थ चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून देऊन गेला. मास्तरांनी चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बसा बाई, चहा टाकतो. दूध जरा पातळ आहे."